नारिंग, संत्रे आणि ऑरेंज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संत्र्याच्या नावाविषयीचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात आणि त्यांतल्या निम्म्यांचा उगम कुठल्या तरी फॉरवर्डमध्ये असतो. म्हणून उत्तरे एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. वाचताना या फळांची एक खोड ध्यानात ठेवली तर बरीच कोडी आपोआप सुटतात. लोक लिंबूवर्गातल्या फळाला त्याच्या जन्मगावाचे नाव क्वचितच देतात. ते शेवटचे ज्या बंदरातून, ज्या व्यापाऱ्याकडून आले, त्याचे नाव देऊन मोकळे होतात.

नारिंग आणि संत्रे एकच का?

आजच्या बोलण्यात एकच. 'नारिंग' हा जुना शब्द, संस्कृतातल्या 'नारंग'शी थेट नाते सांगणारा. 'संत्रे' नंतर आले आणि बाजार, शेत, घर सगळीकडे त्यानेच जागा घेतली. नारिंग उरले ते मुख्यतः रंगापुरते. 'नारिंगी साडी' कोणीही म्हणेल, पण 'पाव किलो नारिंगे द्या' म्हणालात तर फळवाला क्षणभर तुमच्याकडे बघत राहील.

इंग्रजी ऑरेंज आणि आपले संत्रे मात्र अगदी तंतोतंत एक नाहीत. युरोप-अमेरिकेत ऑरेंज म्हणजे घट्ट सालीचे, सुरीने कापून खायचे फळ. नागपुरी संत्र्याची साल सैल, देठाकडे फुगलेली. अंगठा घातला की सुटते आणि फोडी हातात येतात. शास्त्रीय वर्गीकरणात ते मँडरिन गटात बसते. आपल्याकडचे बागायततज्ज्ञ 'स्वीट ऑरेंज' म्हणून ज्याची नोंद करतात, ती आहे मोसंबी! शब्दकोश उघडून भाषांतर करणाऱ्यांची इथे हमखास विकेट पडते.

'नारंग' हा शब्द मुळात संस्कृतच ना?

संस्कृतात तो आहे, आणि तिथूनच पुढे जगभर गेला, इतके नक्की. पण संस्कृतात तो बहुधा दक्षिणेकडून आला. बहुतेक अभ्यासक त्याचे मूळ द्राविड भाषांत धरतात. तमिळमध्ये 'नारत्तंगाय्' हे लिंबूवर्गातल्या एका फळाचे नाव आजही चालते. त्याचे मिठात मुरवलेले लोणचे तिथल्या घराघरांत असते. मल्याळममध्ये 'नारंङ' म्हणजे लिंबू, आणि संत्र्याला 'मधुरनारंङ', म्हणजे गोड लिंबू.

या शब्दाच्या शेपटाकडे बघा. तमिळमध्ये 'काय्' म्हणजे कच्चे फळ. 'माङ्गाय्' म्हणजे कैरी, मल्याळममध्ये तिचे 'माङ्ङ' झाले, पोर्तुगीजांनी ते 'मांगा' म्हणून उचलले आणि इंग्रजीत त्याचे मँगो झाले. नारंगच्या शेवटी जे 'ंग' ऐकू येते, ते याच 'काय्'चे रूप असावे असे मानतात. तसे असेल तर मँगो आणि ऑरेंज या जगभर गेलेल्या दोन शब्दांच्या टोकाला एकच दक्षिणी प्रत्यय चिकटलेला आहे.

आणि फळ? तेही दक्षिणेतलेच का?

फळाची वंशावळ वेगळ्या दिशेला जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने लिंबूवर्गाचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसामचा पूर्व भाग, उत्तर म्यानमार आणि चीनचा युनान प्रांत या पट्ट्यात दाखवले. त्याच बाजूला, मेघालयाच्या गारो टेकड्यांत नोकरेकच्या जंगलात एक रानटी संत्रे मिळते. गारो लोक त्याला 'मेमांग नारांग' म्हणतात. मेमांग म्हणजे भूत. भुताचे संत्रे! तिथे या फळाच्या रक्षणासाठी खास संरक्षित क्षेत्र राखले आहे.

आपण खातो ती बरीचशी फळे संकरातून झालेली आहेत. गोड ऑरेंज हे पपनस आणि मँडरिन यांच्या घराण्यातले, तर युरोपातले पिवळे लेमन हे कडू नारिंग आणि महाळुंग यांच्या संकरातले.

हत्ती नारिंगे खाऊन मेला म्हणून 'नागरंग', हे खरे आहे का?

नाही. ही गोष्ट इंग्रजी पुस्तकांतून फिरत फिरत आपल्याकडे आली आहे. तिचा आधार एवढाच, की संस्कृतात नारंगबरोबर 'नागरंग' असेही रूप आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'ऐरावतो नागरङ्गो' असे शब्द सापडतात. नाग म्हणजे हत्ती, ऐरावतही हत्ती. मग कोणीतरी हत्तीला संत्र्याच्या झाडाखाली नेऊन उभे केले, पोट फुटेस्तोवर खायला घातले आणि व्युत्पत्ती तयार झाली.

बाहेरून आलेल्या शब्दाला आपल्या भाषेत अर्थ सापडेपर्यंत लोकांना चैन पडत नाही. 'नारंग'चा अर्थ लागेना, तेव्हा 'नाग' आणि 'रंग' असे दोन ओळखीचे तुकडे जोडले गेले असावेत. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे 'नागरंग म्हणजे नागपूरचे फळ' हा दावा. नागपूरचे नाव नाग नदीवरून आले आणि संत्र्याची लागवड तिथे फार उशिरा आली. नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादेकडून झाडे आणून आपल्या बागेत लावली, असे सांगतात. अमरकोश त्याच्या कितीतरी शतके आधीचा.

'नारंग'चे 'ऑरेंज' कसे झाले? 'न' कुठे गेला?

आधी मार्ग पाहू. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज. अरबांनी कडू नारिंगाची झाडे भूमध्य समुद्राच्या काठाने सिसिलीत आणि स्पेनमध्ये नेली. कोर्दोबाच्या मोठ्या मशिदीसमोरचे अंगण आजही 'नारिंगांचे अंगण' म्हणूनच ओळखले जाते आणि त्यात ही झाडे उभी आहेत. स्पॅनिशमध्ये शब्द झाला 'नारांहा', हंगेरियनमध्ये 'नारांच', पोर्तुगीजमध्ये 'लारांजा'. इथपर्यंत मराठी कानाला नारिंग ओळखू येते.

'न' पडला इटलीत आणि फ्रान्समध्ये. इटालियनमध्ये स्त्रीलिंगी नामाआधी 'ऊना' लागते. 'ऊना नारांचा' भराभर म्हणून बघा. दोन 'न' जवळजवळ आले की ऐकणाऱ्याला कळत नाही, की 'न' आधीच्या शब्दाचा आहे की नंतरच्या. हळूहळू लोक तो आधीच्या शब्दाला देऊन बसले आणि फळ 'आरांचा' झाले. फ्रेंचमध्ये त्यात आणखी एक मोह पडला. तिथे 'ऑर' म्हणजे सोने. सोन्याच्या रंगाचे फळ आणि नावातही सोने, मग कोण सोडतो! 'ऑरांज' पक्के झाले. लॅटिन लिहिणाऱ्यांनीही सोन्याच्या 'ऑरम'वरून 'ऑरांशियम' असे रूप घडवले, आणि कडू नारिंगाच्या शास्त्रीय नावात ते आजही आहे. म्हणजे हत्तीची गोष्ट रचणारे फक्त आपणच नव्हतो.

इंग्रजीने 'अ नॉरेंज'चे 'अन ऑरेंज' केले, असे हौसेने सांगितले जाते. इंग्रजीत असे घडलेले शब्द आहेत, एप्रन हा त्यांतला एक. पण ऑरेंज इंग्लंडला पोचले ते 'न' गाळूनच.

मग तमिळमध्ये संत्र्याला आज काय म्हणतात?

'आरंजु'. इंग्रजीतून घेतलेला! शब्द दक्षिणेतून निघाला, इराण, अरबस्तान, इटली, फ्रान्स, इंग्लंड असा फिरला आणि नाव बदलून परत घरी आला. घरच्यांनी त्याला पाहुणा म्हणून ठेवून घेतला.

फळ आधी की रंग आधी?

फळ आधी. इंग्रजीत ऑरेंज हा शब्द रंगासाठी रुळला तो १६व्या शतकात. त्याआधी त्या छटेला पिवळट-लाल असे काहीतरी म्हणत किंवा सरळ लालच म्हणत. रॉबिन पक्ष्याची छाती स्पष्ट नारिंगी असूनही इंग्रजीत तो 'लाल छातीचा' आहे, कारण त्याचे बारसे झाले तेव्हा दुसरा शब्दच हाताशी नव्हता.

मराठीची अशी अडचण कधी झाली नाही. आपल्याकडे केशरी आहे, भगवा आहे, शेंदरी आहे आणि नारिंगीही आहे. केशर, शेंदूर, नारिंग या तिन्ही वस्तूंवरूनच रंगांची नावे पडली. आणि यांतले कुठलेही दोन शब्द एकमेकांच्या जागी बेधडक घालता येत नाहीत. झेंडा भगवा, जिलबी केशरी, मारुती शेंदरी. पेंटच्या दुकानात बसून ऑरेंजला मराठी शब्द ठरवायचा प्रयत्न केलेल्यांना हे दुखणे कळेल.

नेदरलँड्सचे लोक नारिंगी कपडे घालतात, ते या फळामुळे?

फळामुळे नव्हे, एका गावामुळे. दक्षिण फ्रान्समध्ये ऑरांज नावाचे गाव आहे. रोमन काळातले त्याचे नाव होते अरॉसियो, आणि त्याचा फळाशी काडीचा संबंध नाही. अरॉसियो झिजत झिजत ऑरांज झाले आणि फळाचे नावही त्याच उच्चाराला येऊन ठेपले. १५४४ मध्ये त्या गावची जहागीर विल्यम नावाच्या राजपुत्राकडे वारशाने आली. पुढे स्पेनविरुद्धच्या डच बंडाचे नेतृत्व त्यानेच केले. घराण्याचे नाव ऑरेंज, म्हणून रंगही ऑरेंज.

या योगायोगाचे पडसाद फार लांब गेले. दक्षिण आफ्रिकेतली ऑरेंज नदी, आयर्लंडच्या झेंड्यातला तिसरा पट्टा, ही सगळी त्या घराण्याची देणगी. १६७३ मध्ये डचांनी न्यू यॉर्क परत जिंकले तेव्हा सुमारे सव्वा वर्ष त्या शहराचे नाव न्यू ऑरेंज होते. 'डचांनी राजघराण्याच्या मानार्थ गाजर नारिंगी केले' ही गोष्ट मात्र बाजूला ठेवा. गाजराची नारिंगी जात तिथे वाढली हे खरे, पण मानार्थ वगैरेला पुरावा नाही.

अरबीत संत्र्याला 'पोर्तुगाल' का म्हणतात? दुबईत राहणारे हे हमखास विचारतात.

कारण युरोपात आणि पश्चिम आशियात आधी पोचले होते ते कडू नारिंग. त्याचे नाव नारंज. गोड जात मागाहून, १५व्या-१६व्या शतकांत पसरली आणि तिचा व्यापार गाजवला पोर्तुगीजांनी. नवे फळ, नवा व्यापारी, म्हणून नवे नाव. अरबीत 'बुर्तुकाल', तुर्कीत 'पोर्ताकाल', ग्रीकमध्ये 'पोर्तोकाली', रोमानियनमध्ये 'पोर्तोकाला', इथिओपियाच्या अम्हारिकमध्ये 'बिर्तुकान'. इराणी माणसाने तर तिन्ही नावे नीट वाटून ठेवली आहेत. 'नारेंज' म्हणजे कडू, 'पोर्तेकाल' म्हणजे घट्ट सालीचे गोड, आणि 'नारंगी' म्हणजे आपल्या संत्र्यासारखे सैल सालीचे. इतका नेटका हिशेब दुसऱ्या भाषेत मला तरी दिसलेला नाही.

उत्तर युरोपात हेच फळ चीनचे झाले. डच 'सिनासआपल', जर्मन 'आप्फेलझिने', रशियन 'अपेल्सिन', सगळ्यांचा अर्थ चीनचे सफरचंद. पोर्तो रिकोत तर संत्र्याला नुसते 'चिना' म्हणतात. आणि पोर्तुगीज स्वतः? ते म्हणतात लारांजा, म्हणजे आपले नारंग.

'संत्रे' हा शब्द पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला का?

हा दावा जुना आहे आणि वरवर पटणारा आहे. लिस्बनजवळ सिंत्रा आहे, तिथल्या फळांची ख्याती मध्ययुगीन अरब भूगोलकारांनी नोंदवलेली आहे आणि गोव्यात पोर्तुगीज होतेच. काजू, अननस, पपई, बटाटा हे शब्द त्यांच्याच जहाजातून उतरले, मग संत्रे का नाही?

अडचण तारखांची आहे. बाबराने १५२६ नंतर हिंदुस्थानातल्या फळांचे बारीक वर्णन लिहिले, त्यात 'संगतरा' आहे. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. तीसेक वर्षांत एका पोर्तुगीज गावाचे नाव, तेही फारसी रूप धारण करून, उत्तर हिंदुस्थानात इतके रुळावे हे मला अवघड वाटते. सिंत्राचे नाव अरबांमार्फत फारसीत आधीच आले असेल, असा तोडगा काही जण काढतात. माझे मत विचाराल तर 'संत्रे फारसी संगतरावरून' इथे थांबावे. त्यापुढे सिंत्रापर्यंत ओढलेली रेघ पेन्सिलीने काढावी.

संगतरामधला 'संग' म्हणजे फारसीत दगड. अशा रसाळ फळाला दगड काय म्हणायचे, म्हणून मुहम्मदशहा रंगीला या बादशहाने त्याचे 'रंगतरा' केले, असा किस्सा उर्दूत सांगतात. हिंदी-उर्दूच्या शब्दकोशांत रंगतरा आहे. बाजाराने मात्र बादशहाचे ऐकले नाही. नेपाळीतले 'सुन्तला' हेही याच कुळातले. बंगाली मात्र वेगळ्याच वाटेने 'कमलालेबू' म्हणतो.

एक संत्रे, एक संत्रा की एक संत्री?

प्रमाण मराठीत एक संत्रे, दोन संत्री, बोलताना संत्रं. विदर्भात एक संत्रा, दोन संत्रे. म्हणजे 'संत्रे' म्हटले की पुण्यात एक आणि काटोलला अनेक. दोन्ही बरोबर. जिथे फळ पिकते तिथल्या लोकांना व्याकरण शिकवायला जाऊ नये, असे आम्हा वैदर्भीयांचे नम्र मत आहे.

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात संत्र्याभोवती जी भाषा आहे ती कुठल्याच शब्दकोशात पुरती सापडत नाही. आंब्याला मोहोर येतो त्या सुमाराला फुलणारा तो आंबिया बहार, पावसाच्या तोंडावर फुलणारा तो मृग. बहार धरायचा तर आधी झाडाचे पाणी तोडून 'ताण' द्यायचा. पाने मलूल होऊन पिवळी पडायला लागली की पाणी सोडायचे, मग फूल येते. रोपवाटिकेत 'डोळा भरतात' : खुंटरोपाच्या, म्हणजे ज्यावर कलम करायचे त्या रोपाच्या, सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद द्यायचा, चांगल्या झाडाच्या फांदीवरचा डोळा ढालीच्या आकारात उतरवायचा, छेदात सरकवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचा. खुंटरोप असते 'जंभेरी'चे. हा शब्द संस्कृत 'जंबीर'चा. एरवी पोथीत राहणारा शब्द इथे रोज चिखलाच्या हातांनी बोलला जातो.

मोसंबी म्हणजे मोझांबिकच का?

होय, तसेच मानले जाते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे मोझांबिक ही पोर्तुगीजांची गोव्याच्या वाटेवरची मोठी ठाणी, आणि मोसंबी हे त्याचेच मराठी रूप. जालना-औरंगाबाद भागाने हे फळ इतके आपलेसे केले की २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले. फळ आशियाई, नाव आफ्रिकेचे, मानांकन मराठवाड्याचे.

तमिळमध्ये हेच फळ 'सात्तुकुडी', तेही गावाच्याच नावाने. उत्तरेत घट्ट सालीच्या संत्र्याला 'माल्टा' म्हणतात, ते भूमध्य समुद्रातल्या बेटावरून.

मँडरिन आणि मंत्री यांचा संबंध जोडणे ही थट्टा आहे का?

थट्टा वाटते, पण खरे आहे. संस्कृत 'मंत्रिन्' मलायात गेला आणि 'मेंतेरी' झाला. पोर्तुगीजांनी तो ऐकला आणि चिनी अधिकाऱ्यांना 'मांदारिम' म्हणू लागले. तिथून अधिकाऱ्यांची भाषा ती मँडरिन, आणि फळही मँडरिन. त्यांच्या पिवळ्या-नारिंगी झग्यांच्या रंगावरून, असे सांगतात. नागपुरी संत्रे या गटातले असल्यामुळे त्याला इंग्रजीत मंत्रिपद मिळालेले आहे.

थंडीत हातगाडीवर दिसणारा, चकचकीत, साल जरा चिकट आणि बिया भरपूर असलेला 'किन्नो' हाही मँडरिनच. किंग आणि विलो लीफ या दोन जातींचा कॅलिफोर्नियात केलेला संकर. तो पंजाबकडून येतो. 'नागपुरी आहे' म्हणून कोणी विकत असेल तर साल सोलून बघा.

लिंबू आणि लिंब एकाच शब्दापासून?

मराठीत लिंब म्हणजे कडुनिंब, संस्कृत 'निंब'. लिंबू हे वेगळे. ते 'निंबू'च्या कुळातले, फारसीत लीमू, अरबीत लैमून आणि तिथून लेमन. दोन्हीकडे 'न'चा 'ल' झाल्यामुळे मराठीत ती जुळी भावंडे दिसू लागली. म्हणून 'लिंबाचा पाला' आणि 'लिंबाचा रस' ही दोन वेगळ्या झाडांची देणगी असते, हे परप्रांतीय सुनेला समजावताना घरोघर गोंधळ होतो.

महाळुंग आणि पपनस?

महाळुंग हे संस्कृत 'मातुलुंग'. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या हातात जे फळ आहे ते हेच. शास्त्रीय नाव सिट्रस मेडिका. त्यातला 'मेडिका' औषधाचा नव्हे, इराणातल्या मीडिया प्रांताचा, कारण ग्रीकांना हे फळ तिथून कळले. पुन्हा तीच खोड.

पपनस हा शब्द डच 'पोम्पेलमूस' आणि तमिळ 'पंबळिमासु' यांच्या ओळीत बसतो. बंगालीत त्याला 'बाताबी लेबू' म्हणतात, बटाव्हियावरून. बटाव्हिया म्हणजे डचांच्या काळातले जकार्ता.

टँजरिन, सत्सुमा, ग्रेपफ्रूट?

टँजरिन मोरोक्कोच्या टँजिअर बंदरावरून, सत्सुमा जपानच्या जुन्या प्रांतावरून. ग्रेपफ्रूटला द्राक्षाचे नाव मिळाले ते फळे झाडावर घोसांनी लागतात म्हणून. चवीशी संबंध नाही.

देशी दारूच्या दुकानातला 'संत्रा' म्हणजे यातला कोणता?

यातला कोणताच नाही. तो फक्त स्वाद आणि लेबलवरचे चित्र.